शंभर वर्षांचं करवंद

पुण्याहून आलेल्या श्रीरामभाऊजींनी बैठकीतल्या करवंदापुढे चक्क साष्टांग नमस्कार घातला, तेव्हा इंदूच्या हातातलं पोह्यांचं तबक कलंडता कलंडता राहिलं. माणूस सत्तरीचा, गुडघ्याला पट्टा, आणि लोटांगण कुणापुढे, तर कुंडीतल्या काटेरी झुडपापुढे! उठवायला दोघांना हात द्यावा लागला. उठले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. ते भक्तीचं होतं की गुडघ्याचं, असले प्रश्न तिवरेकरांच्या घरात कुणी विचारत नाही.

इंदूला त्या गुडघ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्या डोक्यात फक्त बुधवारची गाडी होती, आणि आज रविवार होता. चिपळूणला ईशानी, तिची एकुलती एक लेक, आठव्या महिन्यात बिछान्यावर पडून होती. उठायचं नाही आणि प्रवासाचं तर नावच काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जावई कंपनीत पाळ्या करणारा, सासू तर ईशानीच्या लग्नाआधीच गेलेली. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते; इथे माहेरालाच उठून लेकीकडे जायचं होतं. तिकीट पुतणीने, मालविकाने, काढून दिलं होतं. फक्त घरात सांगायचं तेवढं राहिलं होतं, आणि ते राहिलं होतं या झुडपामुळे.

आता या झुडपाची थोरवी सांगायलाच हवी, कारण ती सांगितल्याशिवाय या घरात पाहुण्याला चहासुद्धा मिळत नाही. एकोणीसशे चोवीस साली काशीनाथपंत तिवरेकर वेद शिकायला कोकणातून काशीला आले. येताना आईच्या परसातलं करवंदाचं रोपटं पडशीत घालून आणलं. पंत ब्रह्मा घाटावर राहिले, शिकले, शिकवून म्हातारे झाले आणि पलीकडे मणिकर्णिकेवर जाऊन संपले. रोपटं राहिलं. पुढच्या तीन पिढ्यांत एकाही पुरुषाला कोकणात जाऊन यावंसं वाटलं नाही. जायचं कशाला? कोकण घरातच होतं की, कुंडीत!

आता करवंद म्हणजे रानातली वस्तू. झाडांमधून झिरपणाऱ्या उन्हात, तांबड्या दगडातल्या मूठभर मातीत ते आपलं आपण वाढतं. त्याला कुणी विचारत नाही आणि त्याचं काही अडत नाही. इथे ते बैठकीच्या कोपऱ्यात होतं. गच्चीवर ठेवलं असतं तर माकडांनी अर्ध्या तासात बोडकं केलं असतं. गल्लीकडच्या खिडकीतून दिवसाचे दोन तास उजेड यायचा, तेवढ्यावर त्याने जगायचं. फूल नाही, फळ नाही. थोरल्या जाऊबाई, विद्युल्लतावहिनी, दर पावसाळ्यात भाजीवालीकडून करौंदे आणून लोणचं घालत. पण हे आणि ते एकच झुडूप आहे असं कुणी म्हणालं तर दोन दिवस बोलत नसत. "ते इकडचं, हे आपलं," असं म्हणून विषय मिटवत.

त्यातून घरची रीत. काशीनाथपंतांच्या पुण्यतिथीला घरातल्या प्रत्येक पुरुषाने करवंदाला गंगाजलाचा एक कलश घालायचा. वर्षाचे बाकीचे दिवस बायकांनी बघायचं. आणि गंगाजल खाली गळून पायदळी जाऊ नये म्हणून कुंडीच्या बुडाचं भोक मेणाने बंद केलेलं! म्हणजे वरून ओतायचं आणि खालून जाऊ द्यायचं नाही. हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला या घरात पंडित म्हणत होते.

"शंभर वर्षं!" श्रीरामभाऊजी तख्तावर टेकत म्हणाले. तिवरेकरांचा कुलवृत्तांत लिहायचं काम ते बारा वर्षं करत होते. "दत्तू, मुखपृष्ठावर याचाच फोटो. खाली ओळ टाकायची, 'शतायु मूळवृक्ष'."

"झुडूप आहे ते, काका," मालविका म्हणाली. "वृक्ष कहाँ से आ गया?"

"भावना बघ गं, भावना."

"आणि पुढच्या सोमवारी शंभर कलश," दत्तूभाऊजींनी जाहीर केलं. इंदूचे हे थोरले दीर पाठशाळेतून निवृत्त झाले होते, पण आवाज अजून पाठशाळेतच होता. "वर्षाला एक. पाठशाळेची मंडळी बोलावली आहेत. रांगेने येतील, मंत्र म्हणतील, घालतील."

"शंभर?" इंदूच्या तोंडून निघून गेलं. "भाऊजी, त्या कुंडीत धड एक बादली मावत नाही."

"लोट्या घेऊ लहान," विद्युल्लतावहिनी म्हणाल्या. "त्यात काय एवढं!"

"शंभर लोट्या झाल्या तरी पाणी ते पाणीच ना, वहिनी. मुळं कुजतील."

"गंगाजल आहे ते, इंदू, नळाचं नाही," भाऊजी हसले, लहान मुलाला समजवावं तसे. "गंगाजलाने कधी काही कुजलं आहे का?"

यावर बोलण्यासारखं इंदूकडे पुष्कळ होतं.  पण तिने तबक खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि ती म्हणाली, "मी बुधवारी चिपळूणला जातेय. चार महिने. तिकीट काढलंय."

 श्रीरामभाऊजींचा पोह्यांचा चमचा तोंडाशी थांबला.

"आणि झाडाचं?" दत्तूभाऊजींनी विचारलं.

हा पहिला प्रश्न होता बरं का. लेक कशी आहे, नाही. डॉक्टर काय म्हणतात, नाही. इंदूला वाटलं होतं की निदान दुसरा तरी प्रश्न लेकीचा असेल.

"शंभर कलश झाल्यावर तर त्याला तुझी गरज लागेल," भाऊजी पुढे म्हणाले. "तूच म्हणतेस ना कुजेल? मग कुजू नये म्हणून तू इथे हवीस."

"मग कलशच नका घालू."

"कमाल करतेस!"

विद्युल्लतावहिनी सरसावून बसल्या. "हे बघ इंदू, मी आई आहे, मला कळतं. पण चिपळूणला बाळंतिणीला बाई मिळेल. झाडाला बाई मिळत नाही. ते तुझ्याच हाताला मानतं. सासूबाई म्हणायच्या ना, सुनेचा पायगुण म्हणून?"

"मम्मी, सुन तो लो आप क्या बोल रही हो," मालविका म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस. आणि मराठीत बोल, पाहुणे आहेत."

इंदूने नवऱ्याकडे पाहिलं. वासुदेव खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. चौतीस वर्षं रेल्वेत नोकरी केलेला हा माणूस घरात कायम दोन रुळांच्या मधोमध उभा असे.

"अहो, तुम्ही काही म्हणा की."

"तुझंही बरोबर आहे," वासुदेव म्हणाले. "आणि दादा म्हणतो तेही चूक नाही."

तेवढ्यात इंदूचा फोन वाजला. ईशानीच होती. मालविकाने फोन पुस्तकाला टेकवून सगळ्यांना दिसेल असा ठेवला. उशीला टेकून बसलेली, डोळ्यांखाली काळं आलेलं, पाय सुजलेले. इंदू फोनजवळ सरकली. पण लेक बोलायला तोंड उघडते न उघडते तोच श्रीरामभाऊजी पुढे झुकले.

"ईशानी बाळ, मी श्रीरामकाका. तू भाग्यवान गं, मूळ भूमीत आहेस! जरा खिडकीतून दाखव. करवंदाच्या जाळ्या दिसतात का?"

"दिसायच्या, काका," ईशानी थकून हसली. "मागे पूर्ण उतार भरला होता. परवा मशीन आणून सगळं साफ केलं, पार्किंग करतायत. तोडलेल्या फांद्या कुंपणाला नेल्या कुणी कुणी. बाकी नाक्यावर द्रोण भरभरून विकायला असतात, कितीही घ्या."

 ज्याच्यासाठी आत्ताच लोटांगण घातलं होतं त्याच्यावर तिकडे मशीन फिरलं होतं. श्रीरामभाऊजींनी घसा साफ केला. "ती वेगळी असणार. रानातली. आपलं संस्कारातलं आहे."

"आई, तू येतेस ना?" ईशानीने विचारलं. तिला तेवढंच विचारायचं होतं. "रात्रपाळी असली की मी एकटी असते गं. मला भीती वाटते."

"येते," इंदू म्हणाली.

फोन ठेवल्यावर दत्तूभाऊजी सावकाश म्हणाले, "घाईत शब्द देऊ नये माणसाने. मागे ग्वाल्हेरला गेलीस तेव्हा काय झालं आठवतं ना? चार दिवसांत मान टाकली होती त्याने."

झालं. त्यांनी ते बोलायला नको होतं. इंदूचे वडील ग्वाल्हेरला आजारी पडले होते, त्या वेळची गोष्ट. चार दिवस राहून तिला परत बोलावून घेतलं, कारण करवंदाची पानं पिवळी पडत होती. ती परत आली. नवव्या दिवशी वडील गेले, तेव्हा ती या बैठकीत बसून कुंडीची माती उकरत होती. तो राग तिने सतरा वर्षं पोटात ठेवला होता. आज तो आपल्या पायांनी चालत बाहेर आला.

"आठवतं तर," ती म्हणाली. "मान टाकली नव्हती, भाऊजी. मेलं होतं ते."

"काय?"

"मेलं होतं. वहिनींनी चार दिवस सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घातलं आणि भोक मेणाने बंद. मुळं काळी पडली होती, हात लावला की निसटून येत होती. मी दुसरं आणून लावलं."

विद्युल्लतावहिनींनी छातीवर हात नेला. "माझ्यावर ढकलतेस?"

"तुमच्या एकट्यांवर कशाला? त्याआधीचं माझं लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षी गेलं. पुण्यतिथीला अकरा पुरुष होते घरात, अकरा कलश. पंधरा दिवसांत संपलं. मग माझ्या वडिलांच्या वेळचं. मग आठ वर्षांपूर्वी भाऊजींनी श्रावणी सोमवारच्या अभिषेकाचं दूध आणून ओतलं, चारही सोमवार. मुंग्या लागल्या, वास सुटला, तेव्हा तुम्हीच म्हणालात की दैवी सुगंध येतोय. आत्ता नमस्कार घातलात ना, श्रीरामभाऊजी, ते आठ वर्षांचं आहे. ईशानीच्या बारावीच्या वर्षी आणलंय."

मालविकाने तोंडावर ओढणी दाबली. तिचे खांदे हलत होते.

"खोटं," दत्तूभाऊजी म्हणाले. पण आवाज पाठशाळेतून खाली उतरला होता. "मग एवढी वर्षं जगलं कसं?"

"भोक उघडून! दुपारी तुम्ही झोपलात की मी मेण काढते, खाली थाळी ठेवते. गळलेलं पाणी तुळशीला घालते, पायदळी नाही जात, घाबरू नका. मातीत वाळू आणि पालापाचोळा मिसळते. दर रविवारी कुंडी थोडी फिरवते, म्हणजे सगळ्या अंगांना खिडकी मिळते. आणि मातीत बोट घालून दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागल्याशिवाय थेंबभर पाणी देत नाही. एवढंच लागतं त्याला. रानातलं आहे ते, त्याला माणसांची एवढी सवय नाही."

"म्हणजे आईला तू फसवलंस," भाऊजींना शेवटी पकडायला काहीतरी सापडलं. "आमच्या आईने मरेपर्यंत त्या झाडाची सेवा केली, आणि तू तिच्या डोळ्यांदेखत..."

इंदूला हे सांगायचं नव्हतं. सासूबाई तिच्याशी वाईट वागल्या नव्हत्या. पण आता थांबणंही शक्य नव्हतं.

"भाऊजी, पहिल्या वेळी मी कचहरीच्या रस्त्यावरच्या नर्सरीत गेले. रिक्षातून एकटी. काय हवंय तेही मला धड सांगता येईना. म्हातारा नर्सरीवाला माझं कुंकू, माझी साडी बघून म्हणाला, 'ब्रह्माघाट से? तिवरेकरजी के यहाँ से? करौंदा चाहिए न?' आणि रोप काढता काढता त्याने विचारलं, 'माताजी नहीं आयीं इस बार?'"

 मालविकाचं हसू थांबलं. दत्तूभाऊजी करवंदाकडे बघत बसले. जन्मभर ज्याला कुळाचं मूळ म्हटलं ते कचहरीच्या रस्त्यावर मिळतं, आणि आपली आई ते पदराखाली लपवून आणत होती. इंदूला क्षणभर त्यांची दयासुद्धा आली. पण ती दया फार वेळ टिकू द्यायची नाही असं भाऊजींनीच ठरवलेलं दिसलं.

"हे या खोलीबाहेर जायचं नाही," ते म्हणाले.

"अर्थातच," श्रीरामभाऊजींनी घाईने मान हलवली. "पानं छापून झालीयेत निम्मी. आणि तसं बघितलं तर परंपरा शतायु आहेच ना? झाड काय, झाडं येतात-जातात."

"फोटो तोच टाकायचा?" मालविकाने विचारलं.

"तोच. प्रकाश जरा बाजूने घेऊ."

विद्युल्लतावहिनी मघापासून विचारात होत्या. त्यांनी आता डोळे मोठे केले. "अहो, पण मग इंदूचं जाणं तर मुळीच शक्य नाही! चार महिन्यांत झाड गेलं तर हुबेहूब दुसरं आणणार कोण? कुठली फांदी कशी, केवढी उंची, हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? आणि तो नर्सरीवाला ओळखणार तिलाच!"

"हे मात्र खरं," दत्तूभाऊजी म्हणाले.

"अगदी," श्रीरामभाऊजी म्हणाले.

आणि वासुदेवांनी, जे गेला पाऊण तास वर्तमानपत्राची एकच बाजू वाचत होते, मान डोलावली.

इंदू बघतच राहिली. खरं बोललं की सुटका होते असं तिला वाटलं होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की या घरात आपल्याला खोट्याने बांधून ठेवलंय. तिने खोटं काढून त्यांच्यासमोर ठेवलं, आणि या लोकांनी त्याच दोरीने पुन्हा गाठ मारली! तिला हसू फुटलं. चांगलं मोठ्याने, खिडकीबाहेर गल्लीत ऐकू जाईल असं ती हसली. मग उठली, कोपऱ्यातली कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि तख्तावर दत्तूभाऊजींच्या मांडीला टेकवून ठेवली.

"अगं, अगं! काटे आहेत याला!"

"आहेत," इंदू म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं मला लागतायत."

स्वयंपाकघरात जाऊन तिने कॅलेंडर उतरवलं. दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, मोठ्या अक्षरांत, एक फोन नंबर लिहिला. मालविका दाराशी उभी होती.

"काकू, स्टेशनपर्यंत मी सोडते. बॅग में क्या-क्या रखना है?"

"दुपटी. तुझ्या आजीच्या मऊ साड्यांची शिवून ठेवलीत मी," इंदू म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं.

बुधवारी ती गेली. गाडी सुटताना वासुदेवांनी खिडकीतून विचारलं, "माझ्या जेवणाचं काय ठरलंय?" त्यावर ती म्हणाली, "वहिनींना विचारा, त्यांचंही बरोबर असेल." गाडी हलली तरी ते त्यावर विचार करत उभे होते.

सोमवारी शंभर कलश झाले. मालविकाने फोटो पाठवले: बैठकभर पाणी, धोतरं वर धरलेली पाठशाळेची रांग, आणि मधोमध कुंडीत गळ्यापर्यंत बुडालेलं करवंद. गुरुवारी दुपारी इंदू ईशानीच्या पायांना तेल चोळत बसली होती. शेजारी नाक्यावरून आणलेला करवंदांचा द्रोण होता. जन्मात पहिल्यांदा तिने काळं, पिकलेलं करवंद चाखलं होतं आणि बोटं जांभळी करून घेतली होती. तेवढ्यात ब्रह्मा घाटाचा फोन आला.

"इंदू, पानं पिवळी पडली सगळी," दत्तूभाऊजींचा आवाज दबका होता. "खाली गळतायत."

"मेण काढलंत?"

"गंगाजल पायदळी जाईल ना गं."

"मग राहू द्या."

 मग भाऊजी म्हणाले, "तो नंबर आहे कॅलेंडरवर. पण मी कसा जाणार नर्सरीत? मला ओळखतात लोक. त्याने काही विचारलं तर?"

"तो काही विचारत नाही, भाऊजी. फार तर एवढंच म्हणेल, 'बहूजी नहीं आयीं इस बार?'"

"मग मी काय सांगू त्याला?"

इंदूने द्रोणातलं एक टपोरं करवंद निवडून लेकीच्या हातावर ठेवलं.

"सांगा," ती म्हणाली, "आता तुम्हीच येत जाल."